रिसिव्हरचा वॉट वेगळा, टॉवरचा वॉट वेगळा

मागच्या महिन्यात मावसभावाचा थेट दुकानातून फोन. तो होम थिएटर जमवत होता: टॉवर म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, आणि रिसिव्हर म्हणजे त्यांना ताकद पुरवून वाजवणारं यंत्र. "दादा, टॉवर १५० वॉटचे घेतले आणि मला बजेटमध्ये बसतोय तो रिसिव्हर ८० वॉटचा. कमी पडणार ना? वरचा घेऊ का, ११० वॉटचा?" मागून विक्रेत्याचा आवाज येतच होता, "घ्या साहेब, नंतर पस्तावाल." मी म्हटलं, "काही घेऊ नकोस. चहा पी आणि घरी ये."

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की आता समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर द्यायला सुरुवात करतो. दोन्ही पेट्यांवर 'वॉट' छापलेलं असतं, म्हणून माणूस दोन आकडे शेजारी ठेवतो आणि जुळवायला बघतो. आमच्याकडे पत्रिका जुळवायची सवयच आहे. पण हे दोन आकडे जुळवायचे नसतातच.

रिसिव्हरच्या वॉटवर फार बोलत नाही. तो बहुतेकांना कळतो: हे यंत्र एका चॅनेलला, म्हणजे एका स्पीकरच्या जोडणीला, किती ताकद देऊ शकतं. देऊ शकतं, सतत देत नाही. त्या छापील आकड्यात कशी हातचलाखी असते ते पुढे येईलच. 'पीएमपीओ २००० वॉट' असा फुगवलेला आकडा लिहिलेल्या डब्यांबद्दल बोलायला नको. ज्यांनी नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडवरून तसला डबा घरी आणला, ते तेव्हाच शहाणे झाले.

खरी गोची टॉवरच्या वॉटमध्ये आहे. स्पीकर वीज बनवत नाही, तो ती खातो. त्याच्या मागे लिहिलेले १५० वॉट ही त्याची भूक नसून त्याची सहनशक्ती आहे. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाटी आहे: ८ व्यक्ती, ५४४ किलो. म्हणून आठ माणसं जमेपर्यंत कोणी तळमजल्यावर ताटकळत बसत नाही. एकटा माणूस दुधाची पिशवी घेऊन वर जातो आणि लिफ्ट नीट चालते. टॉवरचे १५० वॉट म्हणजे ती पाटी. त्यापेक्षा जास्त सतत कोंबलंत तर आतली कॉइल तापेल, जळेल. कमी दिलंत तर काहीही होत नाही, आवाज तेवढा लहान येतो.

मग टॉवरला किती ताकद लागणार हे सांगणारा आकडा कुठला? तो त्याच कागदावर, दोन ओळी खाली असतो आणि कोणी वाचत नाही: सेन्सिटिव्हिटी, डेसिबलमध्ये (डीबी). २.८३ व्होल्ट दिले (८ ओहमच्या स्पीकरला म्हणजे बरोबर १ वॉट; ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा) आणि १ मीटरवर माप घेतलं तर किती मोठा आवाज येतो, ते. आपल्या भाषेत सांगायचं तर गाडीचं ॲव्हरेज. वॉट विचारणारा माणूस पेट्रोलची टाकी किती मोठी ते विचारतोय आणि गाडी लिटरला किती जाते ते विचारायचं विसरतोय.

दोन खरे टॉवर शेजारी ठेवू. क्लिप्शचा आरपी-८०००एफ: सहनशक्ती १५० वॉट, सेन्सिटिव्हिटी ९८ डीबी. केफचा क्यू५५०: १५ ते १३० वॉटचा ॲम्प (रिसिव्हरमधला ताकद देणारा भाग) चालेल असं कंपनी सांगते, सेन्सिटिव्हिटी ८७ डीबी. वॉट बघितले तर दोघे सख्खे भाऊ, १५० आणि १३०. आता डीबी बघा. क्लिप्शच्या आकड्यातून मी नेहमी चारेक डीबी वजा करतो, कारण ते माप जरा हात सैल सोडून दिलेलं असतं. तरी ९४ उरले. फरक ७ डीबी. दर ३ डीबीला ताकद दुप्पट लागते, त्या हिशेबाने ७ डीबी म्हणजे पाचपट. क्लिप्शला जिथे १० वॉट पुरतात, तिथे तेवढ्याच आवाजासाठी केफला ५० लागतील. आणि कंपनीचा ९८ जसाच्या तसा मानला तर बारापटीहून जास्त. हा सगळा फरक त्या १५० आणि १३० मध्ये कुठे दिसला? कुठेच नाही. (क्यू५५० वाईट आहे असं मी म्हणत नाही. गाणं ऐकायला मला तोच जास्त आवडतो.)

त्या '१५ ते १३०' मधल्या १५ कडे तर कोणाची नजरच जात नाही. कंपनी स्वतः सांगतेय की १५ वॉटवरही हा टॉवर चालेल, आणि गिऱ्हाईक ८० वॉट बघून घाबरतंय.

मावसभावाला हे पटलं नाही. पटवायचं म्हणून मी त्याच्या घरी मल्टिमीटर घेऊन गेलो. ११ बाय १६ चा हॉल, सोफा टॉवरपासून तीनेक मीटरवर. मीटर एसी व्होल्टवर ठेवला, दोन्ही टोकं टॉवरच्या मागच्या लाल-काळ्या स्क्रूंना लावली आणि त्याला म्हटलं, वाढव आवाज, तुला हवा तेवढा. त्याने वाढवला. स्वयंपाकघरातून मावशी बाहेर आली आणि हातानेच 'कमी कर' म्हणाली. मीटरवर आकडा हलत होता: १.९, २.४, २.१. अडीच व्होल्ट धरा. वर्ग करा, ८ ने भागा. पाऊण वॉट. दीडशे वॉटचा टॉवर, मावशीला बाहेर यायला लावतोय, आणि खातोय पाऊण वॉट.

इथे थांबलो तर मी लबाडी केली असं होईल. स्वस्त मल्टिमीटर सरासरी दाखवतो, झटके दाखवत नाही. तबल्यावरची थाप, सिनेमातला दरवाजा धाडकन आपटणं, हे सरासरीपेक्षा २० डीबी वर सहज जातं. २० डीबी म्हणजे ताकद शंभरपट. पाऊण वॉटचे ७५ वॉट, क्षणभर. तर ८० वॉट कशाला हवेत त्याचं उत्तर हे आहे: त्या क्षणासाठी. बाकी वेळ यंत्र डुलक्या घेत असतं.

त्या क्षणाला ॲम्प कमी पडला तर तरंगाचा माथा कापला जातो, त्याला क्लिपिंग म्हणतात. 'कमी वॉटच्या ॲम्पने स्पीकर जळतो' ही दंतकथा इथूनच आली, आणि ती अर्धीच खरी आहे. ॲम्प लहान आहे म्हणून काही जळत नाही. लहान ॲम्पचा कान पिळून, आवाज चरचरायला लागल्यावरही माणूस तसाच वाजवत राहतो, म्हणून जळतं. कापलेल्या तरंगात वरच्या पट्टीचा कचरा भरतो आणि तो बिचाऱ्या ट्वीटरच्या, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरच्या, केसासारख्या तारेवर जातो. चरचर ऐकू आली की आवाज कमी करा, विषय संपला.

आणि ८० चे ११० केले तर काय मिळतं? १.४ डीबी. शेजारी बसलेल्या माणसाला सांगितलं नाही तर कळणारही नाही. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर ताकद दहापट लागते. वरच्या मॉडेलमध्ये जास्त चॅनेल असतील, खोलीनुसार आवाज बसवणारी यंत्रणा बरी असेल, त्यासाठी जरूर घ्या. ३० वॉटसाठी घेऊ नका.

आता रिसिव्हरच्या आकड्यातली हातचलाखी. डेनॉनचा एव्हीआर-एक्स१७००एच घ्या. एकच यंत्र: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, विकृती (आवाजात होणारा बिघाड) ०.०८ टक्के, तेव्हा ८० वॉट. ६ ओहम, फक्त १ किलोहर्ट्झ, ०.७ टक्के, तेव्हा १२०. ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १ टक्का आणि एकच चॅनेल चालू, तेव्हा १४५. तिन्ही खरे. पण दुकानातल्या चिठ्ठीवर कुठला येणार ते सांगायला नको. तुम्ही पहिलाच वाचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॉट सांगण्याबाबत १९७४ मध्येच नियम केला होता, २०२४ मध्ये तो कडक करून ८ ओहम, पूर्ण पट्टा आणि विकृतीची मर्यादा असं ठरवून दिलं. म्हणजे ही खोड फक्त आपल्याकडची नाही.

अशा सात चॅनेलच्या रिसिव्हरचे सातही चॅनेल एकदम दणदणीत चालले तर प्रत्येकी ८० मिळणार नाहीत, कारण सगळ्यांचं पाणी एकाच टाकीतून, एकाच ट्रान्सफॉर्मरमधून येतं. पण सिनेमात सातही एकदम असे चालत नाहीत, त्यामुळे याची फार चिंता मी करत नाही.

चिंता करायचीच तर ओहमची करा. '८ ओहम' हे नाव आहे, माप नाही. तोच क्यू५५० कागदोपत्री ८ ओहमचा, पण काही सुरांवर ३.७ पर्यंत उतरतो, आणि हे कंपनी स्वतः छापते. ओहम निम्मे झाले की तेवढ्याच व्होल्टला करंट दुप्पट. तिथे हलका रिसिव्हर घामाघूम होतो. म्हणून एकदा दोन्ही हातांनी उचलून बघा. आत तांबं आणि लोखंड किती आहे ते हाताला कळतं. मागे किंवा मेनूत ४ किंवा ६ ओहमची सेटिंग असते, ती लावल्याने ताकद वाढते असा एक गैरसमज आहे. उलट, बहुतेक रिसिव्हरमध्ये ती व्होल्टेज कमी करते, यंत्र तापू नये म्हणून. मी ती ८ वरच ठेवतो आणि रिसिव्हरच्या डोक्यावर वीतभर जागा मोकळी सोडतो. त्यावर क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी ठेवणाऱ्यांनी वॉटचा प्रश्न मला विचारू नये.

तर ८० वॉट सगळ्यांनाच पुरतो का? नाही. सिनेमाचा मापदंड म्हणजे एका चॅनेलचा झटका १०५ डीबीपर्यंत. ८७ डीबीच्या टॉवरने, तीन मीटरवर, मोकळ्या जागेच्या हिशेबाने ते गाठायला साडेपाचशे वॉट लागतील. पण फ्लॅटमध्ये कोणी रिसिव्हरचा आवाज शून्यावर, म्हणजे त्या पूर्ण मापदंडावर, ठेवून वाजवत नाही. उणे १५ वर वाजवलं तर १८ वॉटमध्ये भागतं, खोलीच्या भिंती मदत करतात ती वेगळी. बंगल्यातला २५ फुटी हॉल असेल, टॉवर ८४-८५ डीबीचे आणि ४ ओहमचे असतील आणि तुम्हाला भिंत हलवायचीच असेल, तर रिसिव्हरची पुढची पायरी चढू नका. समोरच्या दोन चॅनेलचा प्री-आउट (बाहेरच्या ॲम्पला सिग्नल देणारी जोडणी) असलेला रिसिव्हर घ्या आणि टॉवरसाठी वेगळा पॉवर ॲम्प लावा. स्वस्त रिसिव्हरला प्री-आउट बहुतेक वेळा नसतो, तेवढं घेण्याआधी तपासा.

त्याआधी एक फुकटचा उपाय आहे, आणि माणसं तो जिवावर आल्यासारखा करतात. रिसिव्हरच्या मेनूत टॉवर 'स्मॉल' वर टाका आणि ८० हर्ट्झखालचं सगळं सबवूफरकडे, म्हणजे खर्जाच्या वेगळ्या स्पीकरकडे, वळवा. ताकद खाणारा जड भाग रिसिव्हरच्या खांद्यावरून उतरतो. "एवढे साडेतीन फुटी टॉवर, आणि स्मॉल?" हो, स्मॉल. तो शब्द टॉवरच्या उंचीबद्दल नाही, खर्ज कोणाकडे पाठवायचा त्याबद्दल आहे. ज्याने हे नाव ठेवलं त्याला एकदा भेटायचंय मला.

मावसभावाने शेवटी ८० वॉटवालाच घेतला. उरलेल्या पैशांत १० इंची सबवूफर आणला. त्या रात्री साडेदहाला परत फोन. "दादा, सबवूफर ३०० वॉटचा आहे आणि रिसिव्हर ८० चा, झेपेल ना?"

"त्याच्या मागे बघ. काय आहे?"

"वायर आहे. प्लगची."

"कुठे जाते?"

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाला, "भिंतीत."