क्रमांक १, रॉयल क्रेसेंट

इंग्लंडमधील बाथ शहरात एकमेकांना लागून, कमानदार वळणावर बांधलेल्या ३० दगडी घरांच्या ओळीतले पहिले घर. धाकटा जॉन वुड या वास्तुविशारदाने आखलेल्या या ओळीचे काम १७६७ साली याच घरापासून सुरू झाले आणि १७७४ च्या सुमारास संपले.

वुडने बांधून दिली ती फक्त दर्शनी बाजू. तळमजला अगदी साधा, त्यावर दोन मजले उंचीचे आयोनिक (माथ्यावर गुंडाळीसारखी नक्षी असलेल्या ग्रीक शैलीचे) अर्धस्तंभ, म्हणजे भिंतीत अर्धे बसवलेले खांब, आणि माथ्यावर छप्पर झाकणारा कठडा. संपूर्ण ओळीत असे ११४ स्तंभ असल्याने समोरून ती एकच राजवाडा वाटते. त्यामागचे घर मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने बांधून घेतले. त्यामुळे मागे गेले की खिडक्या, छपरे, उंची काहीच जुळत नाही. या रचनेतली खरी कल्पकता उमगते ती मागची बाजू पाहिल्यावरच. शहराची शिस्त आणि मालकाची मुभा एकाच भिंतीच्या दोन अंगांना नांदतात.

दगड स्थानिक, मधाच्या रंगाचा चुनखडक. खाणीतून काढताना तो करवतीने कापण्याइतका मऊ असतो आणि आतला ओलावा सुकला की टणक होतो. चिरा बसवताना त्याचे नैसर्गिक थर आडवे ठेवावे लागतात. उभे राहिले तर पापुद्रे सुटू लागतात. म्हणून गवंड्याची नजर इथे फार मोलाची.

क्रमांक १ टोकाला असल्याने त्याचे प्रवेशद्वार बाजूच्या भिंतीत आहे. शेजारच्या घराशी भिंत सामाईक आहे. तळमजल्यावर जेवणाची खोली, तर पाहुण्यांचा दिवाणखाना पहिल्या मजल्यावर. स्वयंपाक आणि नोकरांचा वावर मुख्य घराला जोडलेल्या वेगळ्या भागात होता.

हेन्री सँडफर्ड हे आयरिश जमीनदार १७७६ ते १७९६ या काळात इथे राहिले. १९७० मध्ये बाथ प्रिझर्व्हेशन ट्रस्टने इथे संग्रहालय उघडले. मधल्या काळात मुख्य घरापासून वेगळा झालेला नोकरांचा भाग २०१३ मध्ये पुन्हा जोडला गेला. एकोणिसाव्या शतकात पहिल्या मजल्याच्या खिडक्या खाली वाढवण्याची टूम निघाली होती. जीर्णोद्धारात या घराच्या खिडक्या मूळ मापावर आणल्या. ओळीतल्या इतर अनेक घरांच्या खिडक्या मात्र लांबच राहिल्या.