जड धातूंचं प्रदूषण आणि कोकणच्या मातीतले जीव

कारखान्याच्या सांडपाण्यातून, गाळातून नाहीतर धुरातून कॅडमियम, शिसं, पारा, क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त असे धातू मातीत येऊन साठतात त्याला जड धातूंचं प्रदूषण म्हणतात. यातलं तांबं आणि जस्त पिकाला, जिवाणूंना थोडं लागतंच, पण प्रमाण वाढलं की तेच विष होतं. शेण, पालापाचोळा, अगदी सांडलेलं डिझेलसुद्धा जिवाणू हळूहळू खाऊन संपवतात, धातू मात्र कुणालाच संपवता येत नाही, तो फक्त रूप नाहीतर जागा बदलतो.

कोकणात रसायनी पाताळगंगेकाठी, रोहा कुंडलिकेकाठी, महाड सावित्रीकाठी आणि लोटे परशुरामचा उतार दाभोळ खाडीकडे, म्हणजे एमआयडीसी वर आणि भातखाचरं, खाड्या खाली. त्यात आपली जांभ्याची माती आंबट, सामू (पीएच, जितका कमी तितकी माती आंबट) बऱ्याच ठिकाणी ५ ते ६, कारण वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस चुना धुऊन नेतो, आणि आंबट मातीत कॅडमियम, जस्त, निकेल जास्त विरघळतात. जांभ्यातला लोखंडाचा गंज शिसं बरंच धरून ठेवतो ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. खारजमिनीत आणखी वेगळं, बांधाला खांड पडून खाडीचं पाणी आत आलं की मिठातलं क्लोराइड कॅडमियमला चिकटून त्याला मोकळं करतं.

मग जिवांचं काय होतं? धातू एन्झाइममधल्या, म्हणजे जिवाच्या आतली कामं घडवणाऱ्या प्रथिनातल्या, गंधकाच्या जागेला चिकटतो आणि ते एन्झाइम बंद पडतं. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढणारे, त्यांना फटका लवकर बसतो. पाला कुजवणारी बुरशी मंदावली की पाला नुसता साचत जातो, इंग्लंडात एव्हनमथच्या जस्त-शिशाच्या भट्टीजवळच्या जंगलात असे न कुजलेल्या पाल्याचे थर सापडलेत. गांडुळं धातू अंगातल्या खास प्रथिनात बांधून जगतात, पण पिल्लं कमी होतात, आणि तीच गांडुळं बगळे खातात तेव्हा धातू पुढे सरकतो.

सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट वालाच्या मुळाशी आहे. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आपण वाल, पावटा, कुळीथ करतो, रायगडात थंडीत ज्या शेंगांची पोपटी लागते तेच पीक. फुलोऱ्याच्या आधी एक झाड ओल्या मातीसकट हळू उपटायचं, मुळं पाण्यात धुवायची आणि त्यावरची गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी दिसली तर गाठीतला रायझोबियम हा जिवाणू हवेतलं नत्र बांधतोय, पांढरी किंवा हिरवट असली तर गाठ नुसती नावाची. हे धातूमुळेच झालं असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, फक्त आंबटपणानेही होतं, त्यासाठी माती लॅबमध्येच द्यावी लागते. पण वोबर्न या इंग्लंडातल्या प्रयोगशेतात १९४२ ते १९६१ सांडपाण्याचा गाळ टाकलेला, आणि टाकणं बंद होऊन वीसेक वर्षं झाल्यावरही तिथल्या क्लोव्हरच्या (वालासारखंच गाठी धरणारं चाऱ्याचं पीक) मुळांवरच्या गाठी नत्र बांधत नव्हत्या. म्हणून मला वाटतं, गाळ फुकट मिळतोय म्हणून शेतात ओतून घेणं ही फार महागात पडणारी चूक आहे.

भाताचं गणित त्याहून नाजूक. खाचरात पाणी उभं असेपर्यंत कॅडमियम गंधकाशी बांधला जाऊन गप्प बसतो, कापणीआधी पाणी काढून टाकलं की हवा लागून तो सुटतो आणि नेमका दाणा भरताना मुळात शिरतो. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी खाणीच्या पाण्याने असाच तांदूळ दूषित झाला, हाडं ठिसूळ होणाऱ्या त्या इताई-इताई आजाराचं कारण तिथल्या सरकारने १९६८ साली कॅडमियम असल्याचं मान्य केलं. पॉलिश तांदळात किलोमागे ०.४ मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम ही कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न मानकांची, मर्यादा आहे. उलट आर्सेनिक हे धातूसारखंच विष पाणी उभं असतानाच सुटतं, त्यामुळे पाणी किती ठेवायचं हे मातीत कुठलं विष आहे ते कळल्यावरच ठरवायचं.

चुना टाकून सामू ६.५ पर्यंत आणला की कॅडमियम बराच कमी उचलला जातो. शिंपल्याचा चुना, शेणखत, पेंढ्याचं कंपोस्ट यांनी जिवाणूंनाही आधार मिळतो, धातू मात्र तिथेच राहतो, पावसाने सामू परत घसरला की पुन्हा सुटतो, म्हणून चुना काही वर्षांनी परत द्यावाच लागतो.