पाटीवरचा 'यी' आणि बायबलातला 'यी'

जुन्या धाटणीच्या कॅफेवर किंवा पबवर 'यी ओल्ड' अशी नक्षीदार पाटी दिसते आणि आपण ती अगदी ठसक्यात 'यी' अशीच वाचतो. मीही कित्येक वर्षं तशीच वाचत होतो. 'ओ कम, ऑल यी फेथफुल' हे नाताळचं गाणं कानावरून गेलेलं असतं, त्यामुळे 'यी' म्हणजे जुन्या इंग्रजीतलं काहीतरी, एवढ्यावर मन समाधान मानतं. पण गाण्यातला यी आणि पाटीवरचा यी यांचं एकमेकांशी काहीच नातं नाही. पाटीवरचा तर यी नाहीच. तो साधा 'द' आहे.

शेक्सपिअर 1616 साली वारला. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये त्याच्या थडग्यावर चार ओळी कोरल्या आहेत. 'माझी हाडं हलवणाऱ्याला शाप' हा त्यातला शेवट. त्याआधीच्या ओळीत वाय-ई आणि मॅन असे शब्द येतात. सरळ वाचलं तर 'ब्लेस बी यी मॅन'. आता 1611 च्या किंग जेम्स बायबलातलं, म्हणजे बायबलच्या प्रसिद्ध जुन्या इंग्रजी भाषांतरातलं, मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं वाक्य घ्या: 'ब्लेसेड आर यी, व्हेन मेन शॅल रिव्हाइल यू'. दोन्हीकडे धन्यता, दोन्हीकडे यी, आणि मधे जेमतेम पाच वर्षं. पण दगडावरचं वाक्य आहे 'ब्लेस बी द मॅन', म्हणजे 'हे दगड सोडून देणारा तो माणूस धन्य'. बायबलातलं आहे 'लोक तुमची निंदा करतील तेव्हा तुम्ही धन्य'.

मग 'द'चा 'यी' झाला कसा? जुन्या इंग्रजीत एक अक्षर होतं, थॉर्न. थॉर्न म्हणजे काटा. उभी दांडी आणि तिच्या मध्यावर उजवीकडे पोट, असं ते दिसायचं. आज टीएच ही दोन अक्षरं जे काम करतात ते हे एकटं करायचं. हाताने भराभर लिहिताना लेखनिकांकडून ते पोट वरच्या बाजूला उघडं राहू लागलं आणि थॉर्न हळूहळू वायसारखा दिसायला लागला. आपल्याकडच्या जुन्या सुट्या 'ख'चं असंच होतं. दोन भाग जरा लांब पडले की 'खा'चा 'रवा'! म्हणून तर पुढे 'ख'च्या दोन्ही भागांना खालून जोडलं.

इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला, तो ही विद्या युरोपात शिकून. तिकडच्या छपाईच्या खिळ्यांत थॉर्न नव्हताच. मग त्याच्या जागी दिसायला जवळचा असलेला वाय वापरला गेला, आणि जागा वाचवायला त्याच्या डोक्यावर बारीक ई. त्या काळच्या वाचकाला यात काहीच खटकत नसे, तो 'द' असंच वाचे. आपण 'डॉ.' वाचताना 'डॉक्टर' म्हणतो, तसंच. पुढे ही खूण मागे पडली, तिचा उच्चार लोक विसरले, आणि एकोणिसाव्या शतकात दुकानांना जुनेपणाचा साज चढवण्याची हौस आली तेव्हा तीच खूण पाट्यांवर येऊन बसली. 'ओल्ड'च्या शेपटीला लावलेला जादा ई हाही त्याच हौसेतला. थॉर्न मात्र मेला नाही. आइसलँडच्या भाषेत तो आजही रोजच्या वापरात आहे.

दुसरा यी मात्र अस्सल सर्वनाम आहे, आणि मराठी माणसाला तो इंग्रजापेक्षा लवकर कळावा असं मला वाटतं. दाउ म्हणजे तू, दी म्हणजे तुला, यी म्हणजे तुम्ही आणि यू म्हणजे तुम्हाला. बायबलातलं ते वाक्य पुन्हा पाहा, यी कर्ता आहे आणि यू कर्म. पुढे फ्रेंचांच्या वळणाने एकट्या माणसालाही आदराने अनेकवचन लावायची पद्धत पडली. मग कुणाला मुद्दाम 'दाउ' म्हणणं अपमानाचं झालं. 1603 मध्ये दरबारी आणि दर्यावर्दी वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात ओरडला, 'आय दाउ दी, दाउ ट्रेटर!' इंग्रजीत समजावताना याला पानभर टीप लागते. आपल्याला 'अरे-तुरे करणं' एवढं म्हटलं की पुरे.

या चौघांतून प्रमाण इंग्रजीत उरला एकटा यू. म्हणजे गंमत अशी की तू, तुला आणि तुम्ही हे तिघेही गेले आणि सगळा कारभार 'तुम्हाला'कडे आला. यी कर्त्याच्या जागचा हेही लोक विसरले. 'गॉड रेस्ट यी मेरी' ('देव तुम्हाला आनंदात ठेवो') हे नाताळचं गाणं त्याचं उदाहरण. तिथे कर्म हवं, म्हणून मूळ शब्द 'यू'च होता. नंतरच्यांनी जुनं वाटावं म्हणून यी घुसडला.

ओळखायची खूण सोपी आहे. पुढे नाम, किंवा 'ओल्ड'सारखं विशेषण लागलेलं नाम असेल आणि तिथे 'द' बसत असेल, तर 'द'च वाचा. क्रियापदाचा कर्ता असेल तर यी. फक्त हाक मारताना जपून, 'यी फेथफुल'मध्ये पुढे विशेषण असलं तरी तो 'तुम्ही'च आहे.

आणि हा दुसरा यी जिवंत ऐकायचा असेल, तर आयर्लंडच्या दक्षिण-पश्चिम भागात जावं. चारचौघांशी एकदम बोलताना तिथले लोक आजही सहज 'यी' म्हणतात.