डोंगर इंग्रजीत गेला आणि आडगाव झाला

फिलिपिन्सच्या तगालोग भाषेत 'बुन्दोक' म्हणजे डोंगर. साधा डोंगर, त्यात हेटाळणी नाही की टिंगल नाही. तोच शब्द अमेरिकन माणूस आज 'बूनडॉक्स' असा उच्चारतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर डोंगर नसतोच. असतं ते एखादं आडवळणाचं गाव, मोबाइलला रेंज नसलेलं आणि दिवेलागणीलाच सामसूम होणारं.

हा प्रवास बंदुकीबरोबर झाला. 1898 च्या तहात स्पेनने 2 कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केलं. तिथल्या लोकांना विचारलं कोणीच नाही. फेब्रुवारी 1899 मध्ये लढाई पेटली. मैदानात निभाव लागेना, तेव्हा त्याच वर्षाअखेर फिलिपिनो सेनेने गनिमी कावा धरला. आता डोंगर आणि गनिमी कावा यांचं नातं मराठी वाचकाला काय सांगायचं! अमेरिकन शिपायांच्या कानी 'बुन्दोक' पडला तो असा. डोंगर हा अर्थ गळाला, आणि शत्रू दडतो, पाय सोलवटतात तो अडचणीचा मुलूख एवढाच अर्थ उरला.

उसना शब्द हा असाच येतो. मूळ भाषेतला सगळा अर्थ तो बरोबर आणत नाही. ऐकणाऱ्याने ज्या प्रसंगी ऐकला, तेवढाच प्रसंग त्याला चिकटून येतो. पुढे अमेरिकी मरीन दलात कवायतीच्या आडरानालाही बूनडॉक्स म्हणू लागले, रानातल्या बुटांना 'बूनडॉकर्स'. साउथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडवर, मरीन रंगरूटांच्या तळावर, तर हा शब्द दलदलीला लागला. समुद्रसपाटीवरचा चिखल, आणि नाव डोंगराचं! व्हिएतनाम युद्धापर्यंत त्याचं 'बूनीज' असं लाडकं रूपही रुळलं. शब्द फार वापरात आला की त्याची शेपटी झिजतेच.

दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीतही आडरानाला 'बुंडू' म्हणतात. साहजिकच वाटतं, दोन्ही एकाच कुळातले. पण तो बहुधा झिंबाब्वेतल्या शोना भाषेतल्या गवताळ माळाच्या शब्दावरून आला. बुन्दोकशी त्याचा संबंध नाही. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती रचू नये, ती अशासाठी.

डोंगराच्या शब्दाला तुच्छता चिकटायला परका शिपाईच लागतो असंही नाही. खुद्द फिलिपिन्समध्ये 'तागा-बुन्दोक', म्हणजे डोंगरातला माणूस, हे गावंढळाला हिणवायला वापरतात. आणि मुंबईत 'घाटी' कोणाला म्हणतात, कशा सुरात म्हणतात, हे आपण ऐकलेलं आहेच. घाट बिचारा जागचा हललेलाही नाही.

आपल्याकडून गेलेल्या शब्दाची गंमत आणखी वेगळी. चरक-सुश्रुतांच्या लेखी 'जांगल' देश म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झुडपांचा. पाणथळ प्रदेश तो 'आनूप'. अठराव्या शतकात 'जंगल' इंग्रजीत शिरलं, आणि हळूहळू त्याचा अर्थ झाला ओलंकिच्च, ऊन न शिरणारं रान. म्हणजे नेमका आनूप!

ऑस्ट्रेलियन लोक मात्र लांबच्या मुलखाला 'काळ्या खुंटापलीकडे' म्हणतात. हा खुंट, म्हणजे जळक्या झाडाचा बुंधा, नक्की कुठला? क्वीन्सलँडमधलं ब्लॅकॉल म्हणतं, आमचा. 1887 मध्ये मोजणीदारांनी त्यावर थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, ठेवून मोजणी केली होती. न्यू साउथ वेल्समधली कूला आणि मेरिवॅगा ही गावंही म्हणतात, आमचाच.