बांगीमे : शेजार डोगॉनांचा, गोत्र अज्ञात

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या मध्य भागात, बांदियागारा कड्याच्या मुलखात बांगांदे लोकांची सात गावं आहेत. बोलणारे दोन-तीन हजार, भाषा बांगीमे. आजूबाजूला डोगॉन लोक, त्यांच्या वीसेक डोगॉन भाषा. बांगांदे स्वतःला डोगॉनच म्हणवतात. डोगॉन म्हणतात, हे आमच्यातले नव्हेत. भाषेपुरतं बोलायचं तर पुरावा शेजाऱ्यांच्या बाजूने आहे.

भाषेचं गोत्र काढायचं तर आधी शे-दोनशे मूलभूत शब्द गोळा करतात: डोळा, पाणी, दगड, खाणं, मरणं. मग नुसते सारखे शब्द नव्हे, नियमाने बदललेले ध्वनी शोधतात. मराठीत वीस, वाघ, वाट. हिंदीत बीस, बाघ, बाट. 'व'च्या जागी ओळीने 'ब' आला की नातं पक्कं. उलट अण्णा, अक्का हे शब्द मराठीत आणि कन्नडमध्ये जवळपास जसेच्या तसे आहेत. त्यावरून मराठी द्राविडी ठरवली तर फसलोच! साम्य फारच चोख असेल तर आधी उसनवारीचा संशय घ्यावा.

बांगीमेचं घोडं इथेच अडतं. तिच्यात डोगॉनसारखे शब्द आहेत, मांडे या पश्चिम आफ्रिकेतल्या दुसऱ्या भाषागटासारखेही आहेत. हे उसने थर उपसले की खाली बराच ऐवज उरतो, आणि तो कुणाशीच नियमाने जुळत नाही. रॉजर ब्लेंच आणि अ‍ॅबी हांटगन या भाषाशास्त्रज्ञांच्या कामानंतर तिला एकाकी, म्हणजे ज्ञात नातेवाईक नसलेली, भाषा मानलं जातं.

शब्द टिपणंही सोपं नाही. मूळ स्वर सात. प्रत्येक ऱ्हस्व, दीर्घ, अनुनासिक आणि दीर्घ अनुनासिक, म्हणजे 28. वर सुरांचे चढउतार. त्यातही ऱ्हस्व अनुनासिक स्वर कधीकधी शेजारच्या नाकातल्या ध्वनीमुळेच तसा ऐकू येतो. तो वेगळा स्वर म्हणून नोंदला की पुढची तुलना बिघडते.

बांगीमे या नावाचा अर्थ 'गुप्त भाषा' असा लावतात. गुलामांच्या तांड्यांतून निसटलेल्यांना या गावांनी आसरा दिला असावा, आणि परक्याला कळू नये म्हणून ही बोली जपली गेली असावी, असा एक तर्क आहे. पण गुपित राखायला मुद्दाम मोडतोड केलेली भाषाही उलगडता येते. आपल्या 'च'च्या भाषेत 'कमळ'चं 'चमळक' होतं. नियम कळला की कमळ परत मिळतं. कोणत्याही शेजारभाषेतून बांगीमेचा असा उलगडा झालेला नाही.