थकीत मालमत्ता कर असलेली जमीन मुंबईत घेताना

मुंबईत जमिनीवरचा मालमत्ता कर थकला असेल, तर तो जुन्या मालकाबरोबर जात नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 212 नुसार हा कर त्या जागेवरचा पहिला बोजा असतो. त्याच्याआधी मान फक्त जमीन महसुलाचा. नोंदणी कार्यालयात दस्त झाला म्हणून हा बोजा उतरत नाही. त्यामुळे विसार देण्याआधीच थकबाकी पाहा.

कर थकला आहे म्हणून अशी जमीन घ्यायला वेगळी पात्रता लागत नाही. विक्रेत्याकडून मालमत्ता खाते क्रमांक आणि शेवटचं बिल मागून घ्या. पालिकेच्या संकेतस्थळावर बाकी दिसते. तरीही विभाग कार्यालयातल्या करनिर्धारण व संकलन खात्यात स्वतः जाऊन या: मुलुंडची जागा असेल तर टी विभाग, अंधेरी पूर्वेची असेल तर के पूर्व. भूखंडावर जुनी चाळ किंवा शेड असेल, तर एकाच जागेची दोन-तीन खाती निघू शकतात. एकच बिल दाखवणाऱ्या विक्रेत्याला हे नक्की विचारा. खात्यावर जप्तीची नोटीस निघाली आहे का, तेही तिथेच विचारून घ्या.

आकडा लेखी घ्या. थकबाकीवर दरमहा 2 टक्के दंड चढतो. म्हणजे 5 लाख थकले की वर्षाला 1 लाख 20 हजार नुसता दंड. कराची रक्कम वादात असून लघुवाद न्यायालयात अपील चालू असेल, तर निकाल लागेपर्यंत तेवढे पैसे राखून ठेवण्याची अट साठेखतात (खरेदीखताआधीच्या करारात) घाला.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चं कलम 55 सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर विक्रीच्या तारखेपर्यंतची देणी विक्रेत्याची. पण त्याने पैसे घेतल्यावर मागे धावण्यात वर्षं जातात. माझं ठाम मत: थकबाकी किमतीतून वळती करा, पालिकेत स्वतः भरा, पावती आपल्याकडे ठेवा.

खरेदीनंतर तीन महिन्यांत हस्तांतराची सूचना पालिकेला द्यावी लागते (कलम 149). ती विकणाऱ्यानेही द्यायची आणि घेणाऱ्यानेही. अर्जासोबत नोंदणीकृत खरेदीखत, सूची 2 (नोंदणी कार्यालयातून मिळणारा दस्ताचा उतारा), मालमत्ता पत्रक (प्रॉपर्टी कार्ड), भरलेल्या कराची पावती आणि ओळखपत्र जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. बिलावर नाव चढलं तरी तो मालकीचा पुरावा ठरत नाही. मालमत्ता पत्रकावरच्या नावासाठी नगर भूमापन कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो.