कोड सेन्सरचा, म्हणून दोषही सेन्सरचाच?

‘गाडीचे दोष-कोड वाचणाऱ्या स्कॅनरने सेन्सरचं नाव दाखवलं की सेन्सर गेला, नवा टाका.’ गॅरेजांत वर्षानुवर्षं फिरणारी ही समजूत चुकीची आहे. कोड बोलतो तो सर्किटबद्दल, आणि त्यात वायर, कनेक्टर सगळंच आलं.

आमच्या पिकअपचंच घ्या. पेडण्याहून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला माल नेताना इंजिनचा दिवा पेटला. कोड पी०११८, म्हणजे कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमान-सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. स्कॅनरवर तापमान उणे ४० अंश. गोव्यात, तेही मे महिन्यात! मेकॅनिकने नवा सेन्सर बसवला, आकडा जागचा हलला नाही.

हा सेन्सर तापेल तसा त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. सर्किट तुटलं की रोध अफाट, म्हणून गाडीच्या कंप्युटरला वाटतं कडाक्याची थंडी. दोन वायरींच्या सेन्सरची परीक्षा सोपी: सेन्सरवरचा कनेक्टर काढा, वायरीकडच्या त्या कनेक्टरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा, स्कॅनर बघा. आकडा एकदम वर गेला तर वायरिंग ठीक, सेन्सर बदला. उणे ४० वरच राहिला तर वायर किंवा कनेक्टरमधला दोष शोधा. (ही युक्ती याच सेन्सरची, दुसऱ्या कुठल्याही पिना जोडू नका.)

आमच्याकडे कनेक्टरमागे एक पिन हिरवी पडून वायरीपासून सुटली होती. खाऱ्या हवेची कृपा.

सेन्सर खरंच बदलायचा असेल तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, सील नवं घाला, शेवटी कोड पुसा.